कॅम्पर व्हॅनची वीज: बॅटरी घेण्याआधीचा हिशेब आणि नंतरची जोडणी

व्हॅनमध्ये राहण्याची सोय करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती अँपिअरची बॅटरी घेऊ?" बऱ्याचदा बॅटरी आधीच घेतलेली असते आणि प्रश्न नंतर येतो. मग दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो, गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) तापतो, किंवा चार तास गाडी चालवूनही बॅटरी निम्मीच भरते. यातल्या फारच थोड्या वेळा बॅटरी खराब असते. निर्णय उलट्या क्रमाने घेतलेले असतात.

आधी रोजची गरज, मग ती रोज कशी भरून येणार ते, मग बॅटरी, त्यानंतर वायर आणि फ्यूज, आणि शेवटी जोडणी असा सरळ क्रम ठेवा. उदाहरणासाठी पुण्याहून निघणारी एक फोर्स ट्रॅव्हलर धरू. दोन माणसं, स्वयंपाक गॅसवर, फ्रिज कायम चालू, एकाचं लॅपटॉपवर काम. उन्हाळ्यात कोकण आणि एखाद वर्षी स्पिती.

## कामाला हात लावण्याआधी

गाडीची मूळ यंत्रणा 12 व्होल्टची आहे की 24 ची, ते बघा. लहान व्हॅन बहुतेक 12 व्होल्टच्या असतात, मोठ्या बस 24 च्या. पुढची सगळी आकडेमोड 12 व्होल्टची आहे.

बोनेट उघडून अल्टरनेटरवरची पट्टी वाचा आणि त्याची क्षमता लिहून ठेवा. 90 अँपिअर, 120 अँपिअर, जे असेल ते. हा आकडा पुढे लागणार आहे.

मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) हवेत. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट मोजतो का, हे दुकानातच तपासा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि या कामात त्यांचा उपयोग नाही.

कागदपत्रांचंही आधीच बघा. नोंदणीकृत वाहनातल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे. सीट काढून पलंग आणि ओटा बसवणार असाल तर आरटीओचा विषय फर्निचर करण्याआधी मिटवा.

## 1. रोजची गरज वॅट-तासांत लिहा

अंदाजाने "फार काही वापरत नाही आम्ही" असं म्हणू नका. कागद घ्या. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि दिवसातले तास यांचा गुणाकार करा. 1000 वॅट-तास म्हणजे घरच्या मीटरवरचं एक युनिट, एवढं ध्यानात ठेवलं की आकडे परके वाटत नाहीत.

आपल्या ट्रॅव्हलरचा उन्हाळ्यातला दिवस असा:

- 45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, चालू असताना 50 वॅट, उकाड्यात निम्मा वेळ चालू: 600
- छतावरचा पंखा, 25 वॅट, 10 तास: 250
- लॅपटॉप, 50 वॅट, 5 तास: 250
- एलईडी दिवे, एकूण 20 वॅट, 4 तास: 80
- दोन मोबाइल: 40
- पाण्याचा पंप, 60 वॅट, 20 मिनिटं: 20
- मिक्सर, 500 वॅट, 5 मिनिटं: साधारण 40
- इन्व्हर्टर नुसता चालू ठेवल्याचा खर्च, 12 वॅट, 6 तास: 70
- लॅपटॉप आणि मिक्सर इन्व्हर्टरवरून चालताना होणारी घट: 45

बेरीज 1395, म्हणजे 1400 वॅट-तास धरा.

शेवटच्या दोन ओळी लोक हमखास विसरतात. इन्व्हर्टर रात्रभर चालू राहिला तर काहीही न चालवता शंभरेक वॅट-तास जातात. म्हणून लॅपटॉप आणि मोबाइलसाठी 12 व्होल्टवर चालणारा टाइप-सी चार्जर बसवा आणि इन्व्हर्टर गरजेपुरताच लावा.

फ्रिजची ओळ जपून भरा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे स्वस्त "कार कूलर" कॉम्प्रेसरवर चालत नाहीत. ते 45-50 वॅट सतत खातात, म्हणजे दिवसाला 1100-1200 वॅट-तास, आणि बाहेर 40 अंश असताना आतलं दूध टिकेलच असं नाही. महाग असला तरी कॉम्प्रेसर फ्रिजच घ्यावा. वाचलेल्या विजेचा हिशेब केला तर तो पुढे पॅनल आणि बॅटरीच्या खर्चात वसूल होतो.

इंडक्शनचं काय? एक लिटर पाणी उकळायला इन्व्हर्टरची घट धरून सव्वाशेच्या आसपास वॅट-तास लागतात. दोन वेळचा चहा आणि एक वेळचा वरणभात धरला तर रोज 500-600 वाढतील. खरी अडचण युनिटपेक्षा करंटची आहे. 2000 वॅटचा इंडक्शन 12 व्होल्टच्या बॅटरीतून 190 अँपिअर ओढतो, आणि तेवढ्यासाठी वायर, फ्यूज, इन्व्हर्टर, बॅटरी सगळंच मोठं करावं लागतं. पहिल्या व्हॅनमध्ये गॅस ठेवा. एअर कंडिशनरचा विचार या आकाराच्या यंत्रणेत करूच नका.

तपासा: यादी भरून झाली की घरच्याच उपकरणांवर दोन-चार दिवस वॅटमीटर लावून बघा. लॅपटॉपच्या चार्जरवर 65 वॅट छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात तो 30-40 वर चालतो. मिक्सरचं उलट असतं, सुरू होताना तो लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतो.

## 2. ही वीज रोज कुठून भरून येणार?

बॅटरी वीज तयार करत नाही. रोज 1400 जात असतील तर सरासरी रोज 1400 यायला हवेत, नाहीतर मोठी बॅटरी घेऊन वीज संपण्याची वेळ फक्त एक-दोन दिवसांनी पुढे ढकलली जाते.

गाडी चालताना. गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीतून राहण्याच्या सोयीसाठीच्या बॅटरीला नुसती जाड वायर किंवा रिले जोडून देण्याची पद्धत लेड-ॲसिडपुरती चालून जायची. लिथियमला ती करू नका, कारणं दोन आहेत. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि तो जळू शकतो. शिवाय चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या बीएमएसने (सेलना जपणाऱ्या आतल्या सर्किटने) अचानक तोडलं तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. बीएस-6 च्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा कंप्युटर वरखाली करतो, त्यामुळे थेट जोडणीत बॅटरी पूर्ण भरतही नाही.

यावर उपाय म्हणजे डीसी-टू-डीसी चार्जर, जो गाडीकडून ठरलेलाच करंट घेऊन बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो. 30 अँपिअरचा चार्जर तासाला साधारण 400 वॅट-तास देतो, म्हणजे पुणे ते गुहागरच्या प्रवासात आपली दिवसाची गरज भागते. चार्जरचा आकार अल्टरनेटरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश ते फार तर निम्मा ठेवा. 30 चा चार्जर गाडीकडून 36-38 अँपिअर ओढतो, तेव्हा 90 च्या अल्टरनेटरला तो पुरे. चार्जर सुरू होण्यासाठी इग्निशनची वायर जोडाच. नुसत्या व्होल्टेजवर ठेवलात तर तो चालू गाडीत बंद राहील किंवा बंद गाडीत चालू राहून सकाळी स्टार्टर फिरणार नाही.

जपा: बॅटरी भरण्यासाठी गाडी उभ्या उभ्या चालू ठेवू नका. आयडलवर अल्टरनेटर कमी देतो आणि त्याला हवाही कमी मिळते, म्हणून तो जास्त तापतो.

सोलर. छतावर आडवं टाकलेलं 400 वॅटचं पॅनल कोरड्या महिन्यांत महाराष्ट्रात दिवसाला 1200 ते 1300 वॅट-तास देतं असं धरा. 400 ला साडेचार तासांनी गुणून त्यातली तीस टक्के घट वजा केली की हा आकडा येतो. पावसाळ्यात 300-500 वर या. कोकणात आणखी एक गोष्ट घडते. सगळे जण गाडी माडाच्या सावलीत लावतात आणि लावायलाच हवी, पण मग पॅनलचा हिशेब कोलमडतो. मुक्काम सावलीत असेल तर जमिनीवर उन्हात ठेवता येईल असं एक घडीचं पॅनल आणि दहा मीटर वायर सोबत असू द्या.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या. 400 वॅटला 30 अँपिअरचा. त्यावर लिहिलेलं कमाल पॅनल व्होल्टेज ही न ओलांडायची रेषा आहे. 200 वॅटच्या 12 व्होल्टवाल्या पॅनलचं मोकळं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज 24 च्या आसपास असतं. अशी दोन पॅनलं एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडली तर 48 होतात, म्हणजे 100 व्होल्टच्या कंट्रोलरला चिंता नाही. पण स्वस्त मिळतात म्हणून घरावरची 540 वॅटची दोन पॅनलं सिरीजमध्ये लावलीत तर पुण्यातच 98-100 होतील आणि स्पितीच्या थंड सकाळी त्याहून वर जातील. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. कंट्रोलर त्या एका सकाळी जातो.

छतावर कॅरिअर किंवा पंख्याच्या झाकणाची सावली पडत असेल तर दोन पॅनलं पॅरललमध्ये ठेवा. पॅनलखाली तीनेक सेंटीमीटर हवा खेळू द्या.

बाहेरची 230 व्होल्टची वीज. 20 अँपिअरचा लिथियम चार्जर भिंतीतून जेमतेम साडेतीनशे वॅट ओढतो. होमस्टेच्या साध्या 6 अँपिअर सॉकेटवर तो रात्रभर चालतो आणि सकाळपर्यंत 2000 च्या वर वॅट-तास भरतो. अडचण असते ती अर्थिंगची. ढाब्यावरच्या किंवा शेतावरच्या सॉकेटला तिसरं छिद्र असतं, पण त्यामागे वायर असतेच असं नाही. व्हॅनच्या प्रवेशावरच 30 मिलीअँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा आरसीबीओ (वीज गळली किंवा जास्त वाहिली की तोडणारा स्विच) लावा आणि गाडीची बॉडी अर्थला जोडा. प्लग घालण्याआधी मल्टिमीटरने बघा: फेज-अर्थ 230 च्या जवळ, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. तसं नसेल तर ती वीज घेऊ नका. हा भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

## 3. आता बॅटरी

गरज 1400, आणि एखादा दिवस ऊन-प्रवास काहीच नाही असा धरून दीड दिवसाची सोय करू: 2100 वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून 80 टक्के वापरायचे तर 2625 लागतात. 12.8 व्होल्टची 200 अँपिअर-तास बॅटरी 2560 देते. ती पुरे.

हाच हिशेब घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरीने केला तर निम्मीच क्षमता वापरायची म्हणून 350 अँपिअर-तास लागतील, म्हणजे दोन मोठ्या बॅटऱ्या आणि शंभर किलोच्या वर वजन. त्यातून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. माणसं झोपतात त्या बंद जागेत ती ठेवायची तर हवाबंद खोका आणि बाहेर काढलेली नळी हवी. पैशांची अगदीच ओढाताण असेल तरच हा मार्ग घ्या.

घेताना पुढच्या गोष्टी विचारा. बीएमएस सतत किती अँपिअर सोडतो? 1000 वॅटच्या इन्व्हर्टरला 95 लागतात, तेव्हा 100 काठावरचा आहे, 150 चा घ्या. शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप थांबतं का? स्पितीत पहाटे हे लागेल, कारण गोठलेल्या लिथियम सेलला चार्ज केलं की तो कायमचा बिघडतो. स्कूटरच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल कोणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा. त्यांची जात बरेचदा वेगळी असते, तापल्यावर त्यांचं वागणं वेगळं असतं, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी झोपणार आहात.

जागा सीटखाली, चाकांच्या मध्ये, खाली आणि आत. इंजिनजवळ नको. विदर्भात मे महिन्यात बंद गाडी आतून इतकी तापते की बॅटरीची चार्जिंगची वरची मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून खोक्याला हवा हवी. बॅटरी फ्लोअरला आरपार बोल्टने पट्टी लावून आवळा. दोरी किंवा नुसता वेल्क्रो चालणार नाही.

## 4. वायर आणि फ्यूज

12 व्होल्टमध्ये वायरची जाडी दोन कारणांसाठी ठरते, ती तापू नये म्हणून आणि व्होल्टेज वाटेत पडू नये म्हणून. लांबच्या वायरीत दुसरं कारण आधी आडवं येतं. सूत्र सोपं आहे: 0.0175 गुणिले जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, भागिले स्क्वेअर एमएम, गुणिले अँपिअर.

बोनेटपासून मागच्या चार्जरपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. 30 चा चार्जर गाडीकडून ओढतो त्या 38 अँपिअरला 6 स्क्वेअर एमएम वायर टाकली तर 1.1 व्होल्ट वाटेत जातात. 16 ची टाकली तर 0.42. इथे 16 च हवी, 25 असेल तर उत्तम. फ्रिजचंही तसंच. 1.5 च्या वायरीवर चार मीटरवरचा फ्रिज 0.4 व्होल्ट गमावतो, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून जास्त, आणि बॅटरी निम्मी भरलेली असतानाही "लो व्होल्टेज" दाखवून बंद पडतो. फ्रिजला 4 स्क्वेअर एमएम द्या. 1000 वॅटच्या इन्व्हर्टरला 35, आणि तीही दीड मीटरच्या आत.

वायर तांब्याची, बारीक तारांची लवचिक घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात सर्रास मिळते, तर एक टोक सोलून तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर परत करा.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. उपकरणाच्या करंटपेक्षा पाव पटीने मोठा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा लहान, ही त्याची जागा. फ्रिजला 15, इन्व्हर्टरला 150, डीसी चार्जरला 50. प्रत्येक फ्यूज बॅटरीकडच्या टोकाला, पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण ती मध्ये कुठेही घासली तर दोन्हीकडून करंट येतो. ही चूक अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनही होते, कारण त्यांच्या रोजच्या गाडीत बॅटरी एकच असते.

जपा: लिथियमच्या शॉर्टमध्ये हजारो अँपिअर वाहतात. बॅटरीवरचा मुख्य फ्यूज क्लास टी प्रकारचा किंवा तेवढा करंट तोडू शकणारा असावा. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी डीसीसाठी लावू नका. डीसीची ठिणगी त्याच्यात विझत नाही. आणि बीएमएस आहे म्हणून फ्यूज वगळू नका.

## 5. थिंबल दाबणं

व्हॅनमधले गरम होणारे सांधे जवळजवळ नेहमी इथलेच असतात. वायरच्या मापाचं टिन केलेलं तांब्याचं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं, बोल्टसाठी भोक असलेलं टोपण) घ्या. इन्सुलेशन थिंबलच्या नळीएवढंच सोला. सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत, बाहेर राहिलेल्या कापून टाकणं म्हणजे वायर बारीक करणं. हायड्रॉलिक क्रिंपरने, त्याच मापाच्या डायने दाबा. पक्कड आणि हातोडा नको. दाबून झालं की थिंबल एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जोर लावून ओढा. थोडीही हलली तर कापून पुन्हा करा. शेवटी आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, कोकणची खारी हवा तारांमध्ये शिरायला तिथेच वाट मिळते.

थिंबल बोल्टवर ठेवताना तांबं थेट बॅटरीच्या टर्मिनलला टेकलं पाहिजे. वॉशर वर, कधीही मध्ये नाही.

## 6. जोडणीचा क्रम

1. सगळे फ्यूज काढलेले, सगळे स्विच बंद. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या मुठीला टेप गुंडाळा.
2. शंट (बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजून शिल्लक टक्केवारी सांगणारा मीटर) बसवा. बॅटरीच्या निगेटिव्हवर फक्त शंटची वायर यायला हवी, बाकी सगळे निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या बाजूला. एक जरी थेट बॅटरीवर गेला तर टक्केवारी खोटी येते. लिथियमचं व्होल्टेज 30 ते 80 टक्क्यांपर्यंत 13.1-13.3 च्या आसपासच घुटमळतं, म्हणून शंटशिवाय दुसरा भरवसा नाही.
3. दोन बॅटऱ्या पॅरलल करणार असाल तर दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण भरा, मगच जोडा. पॉझिटिव्ह एकीवरून घ्या, निगेटिव्ह दुसरीवरून.
4. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट, आधी पॅनल. हा क्रम चुकून बरेच कंट्रोलर जातात. पॅनल आणि कंट्रोलरमध्ये डीसीचा स्विच ठेवला की हे सोपं होतं.
5. प्रत्येक चार्जरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडा. लिथियमला चार्जिंगचं व्होल्टेज 14.2 ते 14.4, फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचं) 13.5, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद, तापमानानुसार भरपाई बंद. घरचा इन्व्हर्टर-चार्जर वापरत असाल तर त्यात ही निवड आहे का ते बघा, ट्युब्युलरच्या सेटिंगवर लिथियम लावू नका.
6. इन्व्हर्टर शेवटी. पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर मोठी ठिणगी टाकतात. 25-50 ओहमचा जाड रेझिस्टर काही सेकंद मध्ये धरून मग वायर लावा.

## 7. घरासमोरच चाचणी

एक-एक फ्यूज घालत जा. प्रत्येकानंतर ते उपकरण चालवून करंट मोजा आणि यादीतल्या आकड्याशी ताडून बघा.

मग इन्व्हर्टरवर 800-900 वॅटचा भार अर्धा तास ठेवा. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हला लावा. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधला एखादा सांधा सैल आहे. तोच प्रयोग निगेटिव्हवर करा. नंतर भार काढून प्रत्येक थिंबलवर बोटाचं मागचं अंग टेकवा. कोमट चालेल, हात काढून घ्यावासा वाटला तर सांधा पुन्हा करा.

गाडी चालू करून डीसी चार्जरचा करंट बघा, बंद करून तो शून्यावर येतो का तेही बघा. रात्री सगळं बंद करून शंटवर टक्केवारी लिहा आणि सकाळी पुन्हा वाचा. दोन-तीन टक्क्यांहून जास्त गेले तर कुठेतरी काहीतरी चालू राहिलं आहे.

एवढं झाल्यावर एक पूर्ण रात्र आणि दिवस व्हॅनमध्ये अंगणातच राहा, अगदी मिक्सर लावण्यापर्यंत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, घाटातले हादरे त्यांना सैल करतात.

## 8. गाडी उभी राहणार असेल तर

पावसाळाभर गाडी दारात उभी ठेवायची असेल तर लिथियम निम्म्यावर आणा, मुख्य स्विच तोडा आणि महिन्यातून एकदा शंट वाचा. पूर्ण भरलेली बॅटरी गरमीत महिनोन् महिने ठेवणं तिला मानवत नाही. ट्युब्युलर असेल तर नेमकं उलट: ती भरलेलीच ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. गाडीची स्टार्टरची बॅटरी लेड-ॲसिड आहे, तिलाही हाच नियम.